दिबांग : एका पर्वतीय नदीचा भूगोल आणि विकासाचा ताळेबंद

ब्रह्मपुत्रा ही एकच नदी आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात आसामच्या पूर्व टोकाला सियांग, दिबांग आणि लोहित या तीन मोठ्या पर्वतीय नद्या एकत्र येतात आणि तेथून पुढील प्रवाहाला ब्रह्मपुत्रा हे नाव मिळते. यांपैकी सियांग तिबेटमधून यारलुंग त्सांगपो या नावाने वाहत येते. लोहितचे शीर्षखोरेही तिबेटमध्ये आहे. दिबांग मात्र भारताच्या हद्दीतच उगम पावते आणि तिचे पाणलोट क्षेत्र भारतातच आहे. सियांगबाबत शेजारी देशाकडून मिळणाऱ्या माहितीवर अवलंबून राहावे लागते. दिबांगच्या पाण्याचे, गाळाचे आणि जंगलाचे काय करायचे याचा निर्णय सर्वस्वी भारताच्याच हाती आहे. या निर्णयाचे परिणाम अरुणाचल प्रदेशातील एका विरळ वस्तीच्या जिल्ह्यापासून आसामच्या दाट लोकवस्तीच्या पूरमैदानापर्यंत पोहोचणारे आहेत. म्हणूनच या दुर्गम नदीचा भूगोल समजून घेणे हे विकासाच्या अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही आवश्यक ठरते.

उगम आणि प्रवाहमार्ग

दिबांगचा उगम अरुणाचल प्रदेशाच्या उत्तर सीमेवरील हिमाच्छादित पर्वतरांगांत होतो. येथील अनेक शिखरे पाच हजार मीटरांहून उंच आहेत. द्री आणि मठुन हे तिचे दोन प्रमुख शीर्षप्रवाह जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या अनिनी गावाजवळ एकत्र येतात. पुढे दक्षिणेकडे वाहताना एटालिनजवळ तिला पूर्वेकडून तालो अथवा तांगोन नदी मिळते. त्याखाली एमरा, इथुन आदी उपनद्या मिळून मुख्य प्रवाह मोठा होतो. उगमापासून संगमापर्यंत तिची लांबी सुमारे १९५ किलोमीटर आहे.

लांबीच्या मानाने नदीचा उतार विलक्षण तीव्र आहे. अनिनी गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९६८ मीटर उंचीवर आहे, तर नदी डोंगरातून बाहेर पडते त्या निजामघाट परिसराची उंची ३०० मीटरांहून कमी आहे. या टप्प्यात नदी अरुंद, खोल दऱ्यांतून वेगाने वाहते. निजामघाटानंतर चित्र एकदम पालटते. उतार अचानक कमी झाल्याने पाण्याचा वेग मंदावतो आणि वाहून आणलेले दगडगोटे, वाळू व गाळ येथे पसरतात. भूगोलात ज्याला पंखाकृती मैदान म्हणतात त्याचे हे उत्तम उदाहरण होय. मैदानावर नदी एका पात्रात राहत नाही. वेणीच्या पेडांप्रमाणे गुंफलेल्या अनेक प्रवाहांतून ती वाहते आणि दर पावसाळ्यात हे प्रवाह आपली जागा बदलतात. पात्राची रुंदी काही ठिकाणी कित्येक किलोमीटर होते.

या अस्थिर पात्राचा जनजीवनावर थेट परिणाम होतो. नदीच्या पश्चिम काठावरील दंबुक हा संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेला परिसर एकेकाळी पावसाळ्यात उर्वरित प्रदेशापासून तुटत असे. दिबांगवरील सुमारे ६.२ किलोमीटर लांबीचा पूल २०१८ मध्ये पूर्ण झाल्यानंतर ही स्थिती बदलली. त्याआधी २०१७ मध्ये लोहित नदीवरील ९.१५ किलोमीटर लांबीचा ढोला-सदिया पूल वाहतुकीस खुला झाला होता. नदीचे पात्रच स्थिर नसल्यामुळे येथे पूल इतके लांब बांधावे लागतात. दुर्गम भागातील पायाभूत सुविधांचा खर्च भूगोल कसा ठरवतो हे यावरून स्पष्ट व्हावे.

तरुण पर्वत, अस्थिर उतार

मिश्मी टेकड्या हिमालयाच्या पूर्व टोकाला, जेथे पर्वतरांगा दक्षिणेकडे वळतात त्या सांध्यावर आहेत. भूशास्त्रीय दृष्ट्या हा प्रदेश तरुण असून येथील खडक भेगाळलेले आहेत. देशातील सर्वाधिक भूकंपप्रवण पट्ट्यात त्याचा समावेश होतो. बंगालच्या उपसागराकडून येणारे बाष्पयुक्त वारे या टेकड्यांवर अडतात. परिणामी पायथ्याच्या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मान्सूनपूर्व सरींमुळे येथील पावसाळा महाराष्ट्रापेक्षा बराच आधी सुरू होतो. तीव्र उतार, ठिसूळ खडक आणि दीर्घ पावसाळा हे तीन घटक एकत्र आल्याने दरडी कोसळणे ही येथील नित्याची घटना आहे. रोइंग ते अनिनी हा दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीचा मार्ग सुमारे २,६५५ मीटर उंचीच्या मायोदिया खिंडीतून जातो आणि पावसाळ्यात तो वारंवार बंद पडतो.

या भूरचनेचे सर्वांत भीषण प्रत्यंतर १५ ऑगस्ट १९५० रोजी आले. देश स्वातंत्र्याचा तिसरा वर्धापनदिन साजरा करीत असताना, मिश्मी टेकड्यांना लागून असलेल्या रिमा परिसरात केंद्र असलेला ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांत त्याची गणना होते. डोंगरच्या डोंगर खचले आणि दरडींमुळे नद्यांचे प्रवाह अडले. सुबनसिरी नदीवर अशा रीतीने तयार झालेला नैसर्गिक बांध सुमारे आठ दिवसांनी फुटला आणि खालच्या गावांतील पाचशेहून अधिक माणसे बुडाली. दिबांगसह सर्व पर्वतीय नद्यांनी पुढील काही वर्षे प्रचंड गाळ मैदानात आणला. दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेचे पात्र सुमारे तीन मीटरने उंचावले आणि जुने सदिया शहर नदीने गिळंकृत केले. डोंगरातील एका घटनेचे परिणाम मैदानाला कित्येक दशके भोगावे लागतात, हा या इतिहासाचा धडा आहे.

कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या भूकंपाची आठवण महाराष्ट्राला आहे. त्याची तीव्रता सुमारे साडेसहा होती. भूकंपाची तीव्रता एका अंकाने वाढली की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे तीसपट वाढते, हे ध्यानात घेतल्यास १९५० च्या भूकंपाची कल्पना करता येईल.

उंचीनुसार बदलणारे वन

तळापासून शिखरापर्यंतच्या उंचीतील मोठ्या फरकामुळे एकाच खोऱ्यात अनेक प्रकारची वने आढळतात. पायथ्याशी सदाहरित व निमसदाहरित वर्षावने आहेत. त्यांच्यावर ओक, मॅग्नोलिया यांसारख्या रुंदपर्णी वृक्षांची वने लागतात. आणखी वर ऱ्होडोडेंड्रॉन, फर, हेमलॉक यांचे पट्टे येतात आणि शेवटी अल्पाइन कुरणे व बर्फाच्छादित प्रदेश सुरू होतो. मिश्मी तीता ही औषधी वनस्पती या वनांच्या गार सावलीत अतिशय मंद गतीने वाढते. १९४७ नंतर सुमारे सहा दशके न दिसलेला मिश्मी रेन-बॅबलर हा छोटा पक्षी २००४ मध्ये याच टेकड्यांत पुन्हा आढळला. दिबांग व लोहित यांच्या दरम्यान राहणाऱ्या हुलॉक गिबन या वानराला २०१३ मध्ये स्वतंत्र उपजातीचा दर्जा देण्यात आला. झाडावरून झाडावर फिरणाऱ्या या प्राण्याला रुंद नदी ओलांडता येत नाही. नदी ही जैवभौगोलिक सीमारेषाही असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दिबांग वन्यजीव अभयारण्य १९९८ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र ४,१४९ चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ४५ टक्के आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासात येथे ३,६०० मीटरांच्या आसपासच्या बर्फाळ उंचीवर वाघांची छायाचित्रे टिपली गेली. यातील काही वाघ अभयारण्याबाहेर, गावांच्या सामूहिक वनांत आढळले. येथे वाघ केवळ सरकारी संरक्षणामुळे टिकला, असे म्हणता येत नाही.

खोऱ्यातील माणूस

दिबांग व्हॅली जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,१२९ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या केवळ ८,००४ होती. दर चौरस किलोमीटरला सुमारे एक व्यक्ती अशी घनता असलेला हा त्या जनगणनेतील देशातील सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा ठरला. खालच्या भागातील लोअर दिबांग व्हॅली हा जिल्हा २००१ मध्ये वेगळा करण्यात आला असून रोइंग हे त्याचे मुख्यालय आहे.

इदू मिश्मी हा येथील प्रमुख जनसमुदाय होय. फिरती शेती, मका व भरड धान्ये, वनोपज आणि मिथुन या गव्याच्या जातीच्या अर्धपाळीव जनावराचे पालन यांवर त्यांची पारंपरिक अर्थव्यवस्था आधारलेली आहे. मिथुन हे संपत्तीचे मोजमाप असून विवाह व विधींमध्ये त्याला महत्त्वाचे स्थान आहे. इदूंच्या श्रद्धेनुसार वाघ हा माणसाचा भाऊ असून त्याची हत्या हे घोर पातक मानले जाते. इगू या विधिकर्त्याच्या पठणांतून चालत आलेली मौखिक परंपरा शिकारीवरही अनेक निषेध घालते.

महाराष्ट्राशी या खोऱ्याचा एक सांस्कृतिक धागा जुळतो. रोइंगजवळील भीष्मकनगर येथील प्राचीन अवशेष राजा भीष्मकाच्या राजधानीचे असल्याची परंपरा तेथे सांगितली जाते आणि रुक्मिणी ही आपली कन्या असल्याचे इदू लोक मानतात. विदर्भात हाच मान अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठच्या कौंडिण्यपूरला दिला जातो.

आर्थिक दृष्ट्या महत्त्वाची बाब अशी, की या खोऱ्यात जमीन अमाप असली तरी सपाट जमीन अत्यंत दुर्मीळ आहे. शेती आणि वस्ती दोन्ही नदीकाठच्या अरुंद मंचांवर एकवटलेली असते. रस्ता, छावणी, धरण वा प्रकल्पाची वसाहत यांनाही हीच जमीन हवी असते. लोकसंख्येची घनता कमी म्हणून विस्थापनाचा प्रश्न सौम्य, असा निष्कर्ष काढणे त्यामुळे चुकीचे ठरते. कागदावर थोडीच कुटुंबे बाधित दिसली तरी समाजाच्या एकूण आकाराच्या तुलनेत तो आघात मोठा असू शकतो.

पाण्यातील वीज

तीव्र उतार आणि विपुल पाणी ही जलविद्युतनिर्मितीसाठी आदर्श स्थिती होय. त्यामुळे दिबांग खोऱ्यात डझनाहून अधिक जलविद्युत प्रकल्प कल्पिण्यात आले आहेत. मार्च २०१९ मध्ये मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा देण्यात आला. सौर व पवन ऊर्जा दिवसाच्या वेळेवर आणि हवामानावर अवलंबून असल्याने, हवी तेव्हा सुरू करता येणाऱ्या जलविद्युतेचे महत्त्व वाढले आहे.

यातील सर्वांत मोठे बांधकाम म्हणजे एनएचपीसीचा दिबांग बहुउद्देशीय प्रकल्प. लोअर दिबांग व्हॅलीतील मुनलीजवळ २७८ मीटर उंचीचे काँक्रीट धरण आणि २,८८० मेगावॅटचे वीजगृह असे त्याचे स्वरूप आहे. पूर्ण झाल्यावर ते देशातील सर्वांत उंच धरण ठरेल. टिहरी धरणाची उंची २६०.५ मीटर आहे. तुलनेसाठी, कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आणि धरणाची उंची १०३ मीटर आहे.

या प्रकल्पाची वाटचाल बोधप्रद आहे. जानेवारी २००८ मध्ये त्याची कोनशिला बसवण्यात आली. मात्र स्थानिक विरोधामुळे जनसुनावणी अनेक वर्षे रखडली. वन सल्लागार समितीने २०१३ व २०१४ मध्ये असे दोनदा वनजमीन देण्यास नकार दिला. पुढे धरणाची उंची २८८ वरून २७८ मीटर करण्यात आली आणि सुमारे ४,५७८ हेक्टर वनक्षेत्र वळवण्यास मंजुरी मिळाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने ३१,८७६ कोटी रुपयांच्या गुंतवणुकीला मान्यता दिली. त्या वेळी फेब्रुवारी २०३२ हे पूर्ततेचे लक्ष्य ठेवण्यात आले.

एटालिन हा खोऱ्याच्या वरच्या भागातील ३,०९७ मेगावॅटचा प्रकल्प आहे. द्री आणि तालो नद्यांचे पाणी बोगद्यांतून वळवून एकाच वीजगृहाकडे नेण्याची ही योजना आहे. त्यासाठी अकराशेहून अधिक हेक्टर वनक्षेत्र आणि सुमारे २.८ लाख झाडांचा प्रश्न उपस्थित झाला. डिसेंबर २०२२ मध्ये वन सल्लागार समितीने हा प्रस्ताव परत पाठवला. २०२३ मध्ये खासगी विकासकांकडे रखडलेले अरुणाचलमधील १२ प्रकल्प सार्वजनिक कंपन्यांकडे सोपवण्यात आले, त्यात एटालिन एसजेव्हीएनकडे गेला. अशा प्रकल्पांना ‘प्रवाही’ प्रकल्प म्हटले जाते. मोठा जलाशय नसल्याने ते निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्षात बंधाऱ्यापासून वीजगृहापर्यंतच्या पट्ट्यात नदीचे पाणी घटते आणि विजेच्या मागणीनुसार दिवसभरात प्रवाह कमी-अधिक होत राहतो.

लाभ कोणाला, खर्च कोणावर

दिबांग बहुउद्देशीय प्रकल्पातून वर्षाला ११,२२३ दशलक्ष युनिट वीज अपेक्षित आहे. यजमान राज्य म्हणून अरुणाचल प्रदेशाला १२ टक्के, म्हणजे सुमारे १,३४७ दशलक्ष युनिट मोफत वीज मिळेल. आणखी एक टक्का, सुमारे ११२ दशलक्ष युनिट, स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी राखून ठेवला जाणार आहे. जेमतेम १४ लाख लोकसंख्येच्या (२०११) आणि अत्यल्प स्वतःचे उत्पन्न असलेल्या राज्यासाठी हा मोठा महसूल आहे. शाळा, रुग्णालये व रस्ते यांची गरज पाहता तो नाकारणे राज्याला सोपे नाही, हे समजून घ्यायला हवे.

तथापि ताळेबंदाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अर्थशास्त्रात जो खर्च व्यवहार करणाऱ्यांवर न पडता तिसऱ्याच घटकावर पडतो, त्याला बाह्य खर्च म्हणतात. उतारावरील जंगल पावसाचे पाणी मुरवते, माती धरून ठेवते आणि कार्बन साठवते. या सेवांना बाजारात किंमत नसते, म्हणून विजेच्या दरात त्या दिसत नाहीत. वनजमीन वळवताना तिचे निव्वळ वर्तमान मूल्य वसूल केले जाते आणि पर्यायी वनीकरणाचा निधी २०१६ च्या कायद्यानुसार वापरला जातो. परंतु अन्यत्र लावलेली रोपे दिबांगच्या उतारावरील माती धरू शकत नाहीत. परिसंस्थेच्या सेवा स्थळाशी बांधलेल्या असतात, पैशाप्रमाणे त्या दुसरीकडे हलवता येत नाहीत.

मालकीचा प्रश्नही गुंतागुंतीचा आहे. येथील जमीन व वने बहुतांशी रूढीप्रमाणे कुळांच्या वा गावांच्या ताब्यात असतात आणि मोजणीचे अभिलेख अपुरे असतात. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि राज्याच्या जमीनविषयक कायद्यात २०१८ मध्ये मालकी हक्कासाठी दुरुस्ती झाली. तरीही हक्कांची नोंद आधी आणि भूसंपादन नंतर, हा क्रम पाळला गेला नाही तर भरपाईचे वाद अटळ ठरतात. संरक्षणाच्या बाबतीतही हेच लागू पडते. अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा देण्याच्या प्रस्तावाला इदू समाजातून विरोध झाला, तो वाघाला नव्हता. आपल्या संमतीविना सीमा आखल्या जातील, ही त्यामागील चिंता होती.

पूरनियंत्रणाची मर्यादा

आसाममधील सुमारे ३१ लाख हेक्टर, म्हणजे राज्याच्या जवळजवळ ४० टक्के क्षेत्र पूरप्रवण मानले जाते. त्यामुळे दिबांग प्रकल्पात पूरनियंत्रणाचा घटक समाविष्ट असून त्यासाठी केंद्राच्या अर्थसंकल्पातून साह्य देण्यात आले आहे. पूरनियंत्रण ही सार्वजनिक सेवा असल्याने तिचा खर्च वीजग्राहकाऐवजी शासनाने उचलणे हे तत्त्वतः योग्यच आहे.

मात्र वीजनिर्मिती आणि पूरनियंत्रण यांची गरज परस्परविरोधी असते. विजेसाठी जलाशय भरलेला हवा, तर पूर सामावून घेण्यासाठी तो पावसाळ्यात काही प्रमाणात रिकामा हवा. महसुलाच्या दडपणाखाली ही रिकामी जागा भरली गेली, तर ऐन पुरात दरवाजे उघडण्याची वेळ येते आणि धरणच पुराचे कारण ठरते. म्हणून जलाशयाचे प्रचालन नियम सार्वजनिक असणे आणि त्यांवर आसामच्या यंत्रणेची देखरेख असणे अगत्याचे आहे.

गाळाचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. धरणात गाळ अडला की खाली सोडलेले पाणी गाळविरहित असते आणि ते काठ व तळ अधिक वेगाने खरवडते. काठांची धूप ही आसामच्या नदीकाठावरील आधीच गंभीर असलेली समस्या आहे. तिस्ता नदीवरील अनुभवही विसरता येणार नाही. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमनदी सरोवर फुटले आणि १,२०० मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पाचे चुंगथांग येथील धरण वाहून गेले. दिबांगच्या शीर्षभागातही हिमनद्या व सरोवरे आहेत.

खोरे हेच नियोजनाचे एकक

खालच्या भागातील लोकांच्या शंकांकडे दुर्लक्ष केल्याचा आर्थिक परिणाम लोअर सुबनसिरी प्रकल्पात दिसून आला. सुमारे ६,२८५ कोटी रुपयांच्या मूळ अंदाजाचा हा २,००० मेगावॅटचा प्रकल्प आसाममधील आंदोलनामुळे डिसेंबर २०११ ते ऑक्टोबर २०१९ या काळात बंद राहिला. त्याचा खर्च वीस हजार कोटींच्या पलीकडे गेला. सुरुवातीलाच सखोल अभ्यास आणि संवाद यांवर केलेला खर्च किती किफायतशीर ठरला असता, हे या आकड्यांतून स्पष्ट होते.

प्रत्येक प्रकल्पाचे स्वतंत्र मूल्यमापन केल्यास तो स्वीकारार्ह वाटू शकतो. पण एकाच नदीवरील अनेक प्रकल्पांचा एकत्रित परिणाम वेगळा असतो. त्यामुळे संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित अभ्यास आधी करून काही उपनद्या मुक्तपणे वाहू देण्याचा आणि काहींवर प्रकल्प उभारण्याचा निर्णय घेणे अधिक शास्त्रीय ठरेल. १९८० च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या ब्रह्मपुत्रा मंडळापुढे खोरेनिहाय नियोजनाचे उद्दिष्ट प्रारंभापासून आहे. त्याला प्रवाह, गाळ आणि भूकंप यांची सातत्यपूर्ण व खुली माहिती, तसेच दोन्ही राज्यांचा सहभाग यांची जोड मिळायला हवी.

दिबांगचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र देशातच असल्याने अशा नियोजनात कोणताही आंतरराष्ट्रीय अडथळा नाही. सियांगच्या वरच्या भागात शेजारी देश काय बांधतो, किती माहिती देतो, याबद्दल भारत रास्तपणे पारदर्शकतेची मागणी करतो. तीच पारदर्शकता अनिनीच्या शेतकऱ्याला आणि सदियाच्या नदीकाठावरील कुटुंबाला मिळाली, तर या मागणीलाही नैतिक बळ लाभेल. विजेचे युनिट मोजणे सोपे आहे. उतारावर टिकून राहिलेली माती आणि मैदानात न आलेला पूर मोजणे कठीण आहे. या कठीण मोजणीला ताळेबंदात स्थान देऊन जो निर्णय होईल, तोच दिबांगच्या खोऱ्यासाठी आणि ब्रह्मपुत्रेच्या मैदानासाठी दीर्घकाळ लाभदायी ठरेल.